दोरीच्या डाव्या बाजूला

९ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण डावा गुडघा नको म्हणाला. कागदावरचाच गोड मानून घे.

फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि बाबांचे कान तुला माहीत आहेत. डोळे गेल्यापासून तर शेजारी कुणी भांडं घासायला घेतलं की हे इथून सांगतात, पातेलं आहे की परात. त्यांच्यापासून काही लपवायचं असेल तर ते कागदावरच लपतं.

तू मागे आलीस तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बसची चावी डेपोत परत देऊन आले त्या दिवशी जे बसले ते बसलेच. तू गेल्यावर एका सकाळी मी हट्टाने त्यांना कालव्याकाठच्या जुन्या रस्त्यावर नेलं. तिथे आता गाड्यांना बंदी आहे. हातभर दोरी, एक टोक त्यांच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या उजव्या. आधी नुसते चालायचो. मग एक दिवस तेच म्हणाले, जरा वेग घे की, वरात आहे का ही? तेव्हापासून आम्ही पळतो. रस्त्याच्या कडा फुटल्यात, म्हणून मधला सपाट भाग त्यांना देते आणि मी डावीकडे कडेने पळते. आत्या, माणूस बदललाय गं. भूक लागते, झोप लागते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आई गेल्यापासून हे सगळं बंदच झालं होतं.

आणि आता दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा हा गुडघा. वाटीच्या भोवती आणि मागे दुखतं. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या कवळ्या घासते, उठायला जावं तर गुडघा गंजल्यासारखा होतो. मलम चोळते, पट्टा बांधते, आणि सकाळी पळायला जाते. दुखणं अंगावर काढू नये हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस, तरी काढतेय.

कारण एकच. मी थांबले की बाबा परत त्या खुर्चीत जातील. दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी द्यायला ते तयार होणार नाहीत. तू आयुष्यभर इस्पितळात लोकांचे हातपाय चालते केलेस, मला न थांबता बरं होण्याचा काही उपाय सांग. आणि बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. तुला माझी शपथ.

तुझी,
भिंगरी


१६ जानेवारी

चि. भिंगरे,

आशीर्वाद. तुझं नाव भिंगरी ठेवलं तिथेच आमचं चुकलं. दगडूबाई ठेवलं असतं तर एका जागी बसली असतीस.

हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, पण विचारलंस म्हणून सांगते. आधी तिथल्या हाडाच्या डॉक्टरला दाखव. गुडघ्याला सूज आहे का, वाकवताना मधेच अडकतो का, चालताना दगा देतो का, हे तो बघेल. यातलं काही असेल तर माझं पत्र बाजूला ठेव आणि तो सांगेल ते कर. यातलं काही नसेल, तर तुझ्यासारखे गुडघे मी शेकड्याने पाहिलेत. गुडघा बिचारा गरीब असतो. वरचा खुबा कामचुकार, खालचं पाऊल वाकडं, आणि मार खातो मधला. मलम चोळून काही व्हायचं नाही. मलमाने फक्त चोळणाऱ्याला बरं वाटतं.

न थांबता बरं होण्याचा उपाय मला ठाऊक नाही. असता तर मी तो बाटलीत भरून विकला असता आणि आज बंगल्यात राहिले असते. काही आठवडे पळणं बंद, आणि बाबांना खरं सांगणं, हा माझा सल्ला. तू दोन्ही ऐकणार नाहीस हे माहीत असून देते आहे.

शपथ घातलीस म्हणून तोंडाला कुलूप लावलंय. किल्ली मात्र माझ्याजवळ आहे हे विसरू नकोस.

आत्या


२४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर लावून घे. जाड पुठ्ठ्याला ओळीओळीच्या खाचा पाडून घेतल्यात, त्यांतून लिहितो. तरी एखादी ओळ दुसरीच्या डोक्यावर चढली असेल. पेनातली शाई संपली तरी मला कळत नाही, त्यामुळे मधे कोरी जागा दिसली तर तिथे काहीतरी बरं लिहिलं होतं असं समज.

पत्र कंडक्टर टाकणार आहे. माझ्या गाडीवरचा जुना कंडक्टर, तुझ्या लक्षात असेल, पोट सुटलेला आणि बोलणं न थांबणारा. तूही उत्तर त्याच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलं तर भिंगरीच वाचून दाखवेल, आणि गोष्ट तिचीच आहे.

तिचा डावा गुडघा दुखतो. तिने मला सांगितलेलं नाही. पण पळताना तिचं पाऊल माझ्या कानाशी असतं, ताई. उजवं पूर्ण पडतं आणि डावं चोरून पडतं. मी इतकी वर्षं इंजिनाच्या आवाजावर गाडी चालवली, कुठला भाग कुरकुरतोय ते मला कळणार नाही? हे गेले दोनेक महिने चाललंय. जिन्यावर ती आधी मला खाली जाऊ देते, म्हणजे तिला कठडा धरून सावकाश उतरता येतं.

तिला त्रास होऊ नये म्हणून मी वेग कमी केला. दमलो म्हणतो, धाप लागल्याचं सोंग करतो. बरंच हळू केलंय, तरी तिचं पाऊल सुधारत नाही, उलट जास्तच चोरटं झालंय. आता ठरवलंय की सांगून टाकायचं, मला पळायचा कंटाळा आला.

खोटं आहे ते, तुला सांगतो. दिवसभर लोक मला हात धरून फिरवतात, इकडे बसवतात, तिकडे उठवतात. पळताना तेवढं गाडी पुन्हा माझ्या हातात असल्यासारखं वाटतं. पण पोरीचे पाय मोडून मला ते नको. तू सांग, गुडघा कायमचा जाईल का? जाणार असेल तर उद्याच कंटाळा येईल मला. तिला यातलं काही कळवू नकोस, तुला आईची आण.

तुझा,
छोट्या


२ फेब्रुवारी

ती. आत्या,

डॉक्टरांनी बघितलं. सूज नाही, काही फाटलेलं नाही, अडकत नाही. वाटीमागे घासून दुखतंय, पळणाऱ्यांना होतं म्हणाले. थोडे आठवडे पळणं थांबवा, मांडीला आणि खुब्याला ताकद आणा. तुमचं दोघांचं आधीच ठरलंय की काय असं वाटलं मला.

पण थांबणं आता तर अजिबात जमणार नाही. आत्या, बाबा थकत चाललेत. महिन्याभरात त्यांचा वेग पार उतरलाय. थोडं पळाले की धाप लागते, छातीवर हात ठेवतात. मी काही विचारत नाही, त्यांना लागेल. मनात येतं, चार दिवस हातात आहेत तेवढे तरी पळू देत, मग माझा गुडघा आहेच.

खरं सांगू का, इतकं हळू पळणंच मला फार जड जातं. माझे पाय लांब. दर पावलाला पाय पुढे टाकायचा आणि तिथेच स्वतःला आवरायचं. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवावी तसं होतं. घरी येईपर्यंत गुडघा ठणकायला लागतो. परवा लॅबमध्ये उठताना टेबल धरलं तर कुणाचीतरी मेणाची बत्तिशी खाली पडली. मालक म्हणाले, तुझा पाय दुखतो आणि दात दुसऱ्याचे जातात.

बाबांना काही बोलू नकोस.

भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. छोट्या आणि चि. भिंगरी,

दोघांना आशीर्वाद, आणि दोघांना एकेक धपाटा.

भिंगरे, हे पत्र बाबांसमोर बसून मोठ्याने वाच. मधे थांबायचं नाही, गाळायचं नाही, गोड करून वाचायचं नाही. एकीने मला स्वतःची शपथ घातली, दुसऱ्याने आईची. दोन्ही आज मोडते. आई वर बसून म्हणत असेल, बरं केलंस, उशीरच केलास.

छोट्या, भिंगरीचा गुडघा दुखतो. तिने तो तुझ्यापासून लपवला, कारण ती थांबली तर तू परत खुर्चीत जाशील अशी तिला भीती आहे.

भिंगरे, हे तुझ्या बाबांना दोन महिन्यांपासून माहीत आहे. त्यांना तुझं पाऊल ऐकू येतं. ते थकलेले नाहीत. त्यांची धाप खोटी आहे. तुझा गुडघा वाचावा म्हणून ते मुद्दाम हळू पळताहेत.

आता दोघांनी ऐका, म्हणजे आपण काय शहाणपण केलं ते कळेल. हळू पळून गुडघा वाचतो असं वाटतं. पण लांब पायांच्या माणसाने दुसऱ्यासाठी वेग दाबला की दर पावलाला त्याला स्वतःला अडवावं लागतं, आणि ती सगळी अडवणूक वाटीवर येते. म्हणजे छोट्या, तू जितकी माया केलीस तितका तिचा गुडघा दुखला. आणि भिंगरे, तू त्यांना सपाट रस्ता दिलास आणि स्वतः कडेने पळालीस. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. जाताना डावीकडे, येताना परत दोरीच्या डाव्याच बाजूला, म्हणजे रोज एकच पाय खालच्या अंगाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझं अंगण खरंच वाकडं होतं. आणि छोट्या, जन्मभर बस चालवलेल्या माणसाला रस्त्याचा उतार मी सांगायचा का?

मायेने एकमेकांचे गुडघे फोडणारी अशी जोडी मी पहिल्यांदाच पाहिली.

आता औषध. गुडघा कायमचा जाणार नाही, वेळेत आवरलं तर. भिंगरीने आजपासून पळायचं बंद करायचं. झोपून नाही राहायचं, सपाट रस्त्यावर दुखणार नाही इतपत चालायचं. पळाल्यानंतर ठणकायचा तसा ठणकला तर फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवायचा. व्यायाम वेगळ्या कागदावर चित्रं काढून पाठवते. चित्रातली बाई तुझ्यासारखी दिसत नाही, तिला हसू नये.

आणि छोट्याने पळायचं थांबवायचं नाही. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी शोधा.

ताई / आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्या,

वाचलं. तू सांगितलंस तसंच, मधे न थांबता वाचायला घेतलं. 'त्यांची धाप खोटी आहे' इथे मात्र मी थांबलेच. बाबा म्हणाले, "पुढे वाच." वाचलं. 'मायेने एकमेकांचे गुडघे फोडणारी' इथे ते हसायला लागले, मग मीही, आणि मग कोण हसतंय आणि कोण रडतंय ते कळेना. शेवटी त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर नुसता हात ठेवून बसले.

मी म्हटलं, "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

मग चहा केला आणि प्यायलो.

इथवर सगळं चांगलं झालं. पण त्यानंतर बाबा पळायला गेलेले नाहीत. शेजारच्या मुलीचा नवरा रोज पळतो, तो आपणहून विचारायला आला. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. तू बरी झालीस की आपण जाऊ, तोवर मीही सुट्टीवर, म्हणतात. आणि बसतात कुठे, तर त्या खुर्चीत. काल संध्याकाळी लॅबमधून आले तर अंधारात बसले होते. त्यांना दिव्याची गरज नाही हे मला माहीत आहे, तरी मी आधी जाऊन दिवा लावला. ज्याला भ्यायले होते तेच झालं, आत्या. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून थोडं थोडं पळायला लागावं असं माझ्या मनात आहे. गुडघा आता पुष्कळ बरा आहे.

भिंगरी


२१ फेब्रुवारी
(कंडक्टरसाहेबांच्या पत्त्यावर)

चि. छोट्या,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या घरी पाठवलेलं नाही, कारण या वेळी खरोखर भिंगरीच्या नकळत बोलायचंय.

तू खुर्चीत बसलास ते तिच्यासाठी, असं तुला वाटतं. तिचा पाय थांबला म्हणून मीही थांबलो, किती छान. पण त्याचं फळ काय ते ऐक. तुला तिथे बसलेलं बघून ती सोमवारी अर्ध्या गुडघ्याने उठणार आहे. मला लिहिते, गुडघा पुष्कळ बरा आहे. दोन आठवड्यांत पुष्कळ बरं होणारं हे दुखणं नव्हे. ती उठली की पहिल्यापेक्षा वाईट दुखेल, आणि मग वर्षभर दोरी कुणीच धरायला नको.

तिच्या गुडघ्याला विश्रांती हवी असेल तर तू पळायला हवंस. तू घामाघूम होऊन घरी आलेला तिला दिसलास तरच ती निवांत बसेल. तिचं औषध तू आहेस, छोट्या. रोज सकाळी घ्यायचं.

आता कंडक्टरसाहेब, हे तुम्ही वाचून दाखवताय म्हणून तुमच्याशीही दोन शब्द. तुम्ही जन्मभर याच्या पाठीमागे उभे राहिलात. तुम्हाला पळता येत नाही हे तुमच्या पोटाकडे न बघताही मी सांगू शकते. पण माझा हा भाऊ परक्या माणसाच्या हातात दोरी देणार नाही, आणि तुम्ही परके नाही. काहीतरी युक्ती काढा.

ताई


१४ मार्च

ती. आत्या,

तू काय जादू केलीस कळत नाही. तो सोमवार यायच्या आतच बाबा एका सकाळी उठून बूट घालून बसले. दारात कंडक्टरकाका, सायकल घेऊन. काकांना चार पावलं पळवत नाही, म्हणून ते सायकलवर पुढे, बाबा मागे. जाऊन येतात. बाबा घामाने निथळत येतात, दोघे चहा पितात, काकांची बडबड चालू असते. मी विचारलं, दोरी सायकलला बांधता का? बाबा म्हणाले, दोरी नाही लागत. आणि कप पुढे केला, अजून चहा घाल म्हणून.

मी तुझे व्यायाम करते. पाठीवर झोपून पाय सरळ उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, गुडघे वाकवून कंबर वर घेणं. पहिल्या आठवड्यात खुबा असा थरथरला की मलाच लाज वाटली. आता थरथरत नाही. पायरीवर चढउतारही सुरू केलीय, आरशात बघत, गुडघा आत वळू न देता. लॅबमध्ये मधून मधून उठून पाय सरळ करते. बुटाचा तळ उलटून पाहिला, डाव्याचा बाहेरचा काठ पार झिजलेला. नवे आणले. जिना उतरताना परवा मधेच लक्षात आलं की आपण कठडा धरलेला नाही.

एवढं सगळं चांगलं चाललंय, आणि तरी तुला एक सांगायचंय, हसू नकोस. मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण सकाळी दार लोटून ते दोघे हसत जिना उतरतात आणि मी चटईवर आडवी होऊन पाय वर-खाली करत असते, तेव्हा माझी मोजणी चुकते. मला वाटायचं, मी नसले तर ते पळणार नाहीत. त्या भीतीपायी गुडघा घालवत होते. आता ते माझ्याशिवाय पळताहेत, तर ते मला सहन होत नाहीये. कसली मुलगी आहे मी.

कालव्यावर जाऊन बघावं असं रोज ठरवते आणि जात नाही.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरे,

हसले नाही.

इस्पितळात एक बाई होती माझ्याकडे, कमरेपासून खाली जीव नव्हता. वर्ष-सव्वा वर्ष तिला धरून उभी केली, कठड्याला धरून चालवली, मग काठीवर. एक दिवस ती काठी टाकून दारापर्यंत गेली, आणि नवऱ्याचा हात धरून तशीच बाहेर पडली. मागे वळून बघितलं नाही. कशाला बघेल? मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि मग चादरींच्या खोलीत जाऊन रडले. पुढेही असं पुष्कळदा झालं. माणूस आपल्याशिवाय चालायला लागलं की आपलं काम झालं, आणि नेमकं तेव्हाच आत कालवतं. यात मुलगी वाईट असण्याचा काही संबंध नाही. जीव लावलेला असतो, एवढंच.

चालायची परवानगी तुला कधीचीच आहे. कालव्यापर्यंत चालत जा.

गुडघा असाच राहिला तर एप्रिलमध्ये सुरुवात कर. थोडं पळ, थोडं चाल, परत थोडं पळ, आणि मधे एक दिवस सोड. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते ऐकून मगच वाढव, तेही थोडंथोडंच. पावलं छोटी आणि भराभर टाक, पाय फार पुढे फेकू नकोस. आणि व्यायाम बरं वाटल्यावर सोडायचे नसतात. दुखणं गेलं की लोक व्यायाम सोडतात, आणि मग व्यायाम गेला की दुखणं येतं.

आत्या


३ एप्रिल

ती. आत्या,

गेले.

त्या दोघांच्या आधीच कालव्याकडे निघाले आणि वळणावरच्या बाकापाशी उभी राहिले. आधी घंटी ऐकू आली. सायकलची, दोनदा, टिंग टिंग. मग काका दिसले, संथ पायडल मारत, अखंड बोलत. आणि त्यांच्या मागे बाबा. दोरी नाही, काही नाही. घंटी वाजेल तिकडे पळत होते. मला तिथेच कळलं. बसमध्ये दोन घंट्या म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. इतकी वर्षं बाबांनी मागे न बघता काकांच्या घंटीवर बस हाकली. आता घंटी पुढे आली एवढाच फरक. ठेवलेला विश्वास तोच.

आत्या, मी बाबांना पळताना कधी बघितलंच नव्हतं गं. शेजारी पळताना समोरचा रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, दगड दिसतो. माणूस दिसत नाही. किती सुंदर पळतात ते. हात सैल, चेहरा थोडा वर, वाऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर मला कधीपासून न दिसलेलं काहीतरी होतं. आई होती तेव्हाचं.

काकांनी मला बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. बाबा माझ्यापासून दोन हातांवरून गेले. हाक मारली असती तर थांबले असते. नाही मारली. ते लांब जाईपर्यंत बघत राहिले, रडले पोटभर, आणि चालत घरी आले.

त्यांना सांगितलेलं नाही.

कालपासून मीही सुरुवात केली, थोडं पळणं, थोडं चालणं. उद्या सकाळी परत. पुढे आमचं दोघांचं जमलं की बाजू आलटून पालटून आणि दोघांनी मधूनच पळायचं, असं बाबांनी ठरवून टाकलंय. कडेला कुणीच जायचं नाही म्हणतात, रस्ता पुरेसा रुंद आहे.

भिंगरी


५ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. पेन नवं आहे, शाई संपणार नाही.

भिंगरीचं पाऊल काल ऐकलं. ती आमच्या पुढे वेगळी पळत होती, मधे चालत, मधे पळत. दोन्ही पावलं सारखी पडतात. मी मुद्दाम बराच वेळ ऐकलं. सारखी पडतात, ताई. तुझे हात कधी भेटले तर डोक्याला लावीन.

एक गोष्ट तुला सांगतो, ती तिला सांगू नकोस. मागल्या आठवड्यात ती कालव्यावर येऊन वळणाशी उभी होती. तिला वाटतं मला कळलं नाही. पण कंडक्टरची बडबड, जी तिकिटं फाडतानासुद्धा कधी बंद नसायची, ती वळणापाशी एकदम बंद पडली. त्या माणसाला गप्प करणारं जगात एकच माणूस आहे. क्षणभर वाटलं थांबावं, हाक मारावी. मग वाटलं, नको. मी थांबलो असतो तर तिने लगेच येऊन माझा हात धरला असता.

म्हणून मान वर केली, खांदे सैल सोडले आणि घंटीच्या मागे निघालो. पोरगी पहिल्यांदाच मला बघत होती, ताई. मग नीट पळायला नको?

छोट्या